बागेची कड आणि मुलाचा हात

बालरोगतज्ज्ञाने वैद्यकांच्या स्मरणिकेत फुलझाडांवर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यासमोर चार हातांची का होईना, बाग असते. फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना फुलझाडे, कोपऱ्यात दगडांची एखादी रॉकरी आणि कुंपणाशी उंच झुडपे, असा तिचा थाट असतो. ती लावताना आपण सारेच एक प्रश्न विचारतो: आपल्या भागात, मे महिन्यात, पाण्यावाचून काय जगेल? हा प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. त्याचे अपुरेपण मला एका पाच वर्षांच्या मुलाने शिकविले.

व्यवसायाची ती पहिलीच काही वर्षे होती. दवाखान्याच्या आवाराला भिंत नव्हती, तारांचे कुंपण तेवढे होते. गावातल्या शेळ्या त्यातून सहज आत येत आणि लावलेले प्रत्येक रोप फस्त करीत. शेवटी कोणीतरी सल्ला दिला की पिवळी कण्हेर लावा. तिला पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही आणि फूल बारा महिने. मी ती लावली. दोन पावसाळ्यांत डोक्याइतके हिरवेगार कुंपण उभे राहिले आणि त्याचा मला अभिमानही वाटू लागला.

एके दिवशी धाकट्या बहिणीला लस टोचून घ्यायला आजीबरोबर आलेला एक मुलगा बाहेर खेळत होता. संध्याकाळी तीच आजी त्याला पाठुंगळीला घेऊन धावत आली. "सायब, लेकरू दुपारपासनं ओकायलंय बघा." मूल मलूल होते. नाडी मिनिटाला ५६ आणि तीही अनियमित. पाच वर्षांच्या मुलाची नाडी इतकी मंद असणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. काय खाल्ले, असे विचारीत असताना आजीने त्याच्या चड्डीच्या खिशातून दोन बिट्ट्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. खेळायला घेतलेल्या बिट्ट्यांपैकी एक त्याने दगडाने फोडली होती आणि आतला गर चावला होता. बिट्ट्या माझ्याच कुंपणाच्या होत्या.

ॲट्रोपीन देऊन, शिरेत सलाईन लावून मी त्याला स्वतः गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पोहोचविले. चार दिवसांनी तो घरी आला. आठवड्याच्या आत ते सारे कुंपण मी मुळासकट काढविले. मोकळ्या झालेल्या त्या जागेकडे पाहताना जे विचार सुचले आणि पुढील वर्षांत जे हातून घडले, त्याचा हा गोषवारा आहे.

आपली भूमी

मंठाळच्या परिसरात, किंबहुना बसवकल्याण-हुमनाबादपासून खाली आळंदपर्यंत, जमिनीची दोन रूपे पुन्हा पुन्हा दिसतात. सखल भागात चिकण, भेगाळणारी काळी माती आणि माळावर लालसर मुरूम किंवा जांभा. बीदरचा किल्ला जांभ्याच्याच पठारावर उभा आहे. याच दगडात बहमनी काळात कारेझ खोदून भूगर्भातले पाणी शहराकडे आणले गेले आणि किल्ल्यात लाल बागेसारखी उद्याने फुलली. आपल्या भागात बाग ही आधी पाण्याची गोष्ट आहे, हे तेव्हापासून ठरलेले आहे.

पाऊस वर्षाला सरासरी आठशे ते नऊशे मिलिमीटर, म्हणजे कागदावर बरा. पण तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. नंतरचे सात महिने झाडाने स्वतःच्या हिमतीवर काढावयाचे असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात दरवर्षी रोपवाटिकेतून हंगामी रोपे आणून त्यांना बोअरचे पाणी पाजीत बसणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. म्हणूनच बहुवर्षायू झाडे हवीत. एकदा लावली की मुळे खोल जातात, उन्हाळ्यात कंद वा खोड झोपी जाते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा पालवते.

काटक झाड विषारी का असते?

पिवळी कण्हेर काढल्यावर मी पर्याय शोधू लागलो आणि चक्रावलो. लोक जी जी 'काटक' म्हणून सांगत, ती ती बहुधा विषवैद्यकाच्या पुस्तकात सापडत होती. तांबडी-पांढरी कण्हेर, घाणेरी, मोगली एरंड, रुई, धोतरा, अडेनियम अशी ही यादी. हा योगायोग नव्हे. कोरड्या जमिनीत नवे पान फुटणे महाग असते. पाण्याच्या थेंबाथेंबातून जमविलेले पान जनावराने खाल्ले, तर ते भरून काढण्याची ऐपत झाडापाशी नसते. म्हणून अशा प्रदेशातील वनस्पती आपले पान राखण्यासाठी काटे, चीक किंवा विष यांवर खर्च करतात. आपण माणसे तर या निवडीत आणखी भर घालतो. मोकाट शेळ्यांच्या गावात जे उरते तेच आपण लावतो, आणि शेळ्यांनी सोडलेले झाड पुष्कळदा विषामुळेच सोडलेले असते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी पिवळी कण्हेर फुलासाठी लावलीच नव्हती. मला भिंत बांधण्याचा खर्च टाळावयाचा होता. भिंतीचे काम मी विषाकडून करून घेत होतो. एवढे उमगल्यावर पुढचा मार्ग सरळ होता. आधी भिंत, मग फूल. शेताच्या कडेला पडलेले दगड गोळा करून, सिमेंटाविना रचलेली छातीइतकी भिंत आणि एक घट्ट लागणारे फाटक एवढ्याने शेळ्यांचा प्रश्न सुटला. शेळीला नको असलेले झाड शोधण्याची गरज संपली. आता दोनच कसोट्या उरल्या: झाड मे महिना सोसते का, आणि ते मुलाच्या हाती लागले तर काय होते?

कडेची निवड

वाटेच्या कडेला पहिला मान मी कोरांटीला देतो. पिवळी, जांभळी, पांढरी अशा तिच्या अनेक जाती आपल्या देशाच्याच आहेत. पावसाळा सरता सरता ती फुलू लागते आणि थंडीभर फुलते. पिवळ्या कोरांटीला काटे असतात. पण काटा लपून वार करीत नाही. मूल एकदा बोट टोचून घेते आणि शहाणे होते. ती वाटेपासून दोन हात आत लावावी. जांभळी बिनकाट्याची, ती पुढे चालते. फुलोरा संपला की एक वीत खोड ठेवून छाटावी.

जेथे सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळते, म्हणजे बहुधा इमारतीच्या पूर्वेकडील कडेला, अबोली लावावी. तिला अधूनमधून पाणी लागते, पण वर्षातून बरेच महिने फुले देऊन ती त्याची परतफेड करते. आपल्याकडे येणाऱ्या माता जाताना चार फुले मागून घेतात. त्यांना नाही म्हणू नये.

जास्वंद ही कडेच्या मागच्या रांगेची. खोल आळे करून पहिले दोन उन्हाळे सांभाळली, की पुढे आठवड्याच्या पाण्यावर निभावते. पिठ्या ढेकूण पडला तर साबणाच्या पाण्याने फांद्या धुऊन काढाव्यात. मुलांच्या आवारात जहाल कीटकनाशक फवारणे म्हणजे विषारी झाड काढून विषाची बाटली आणणे होय.

माळावरचे अस्सल झाड म्हणजे तरवड. कानडीत त्याला आवरिके म्हणतात. सीमेपलीकडे तेलंगणात ते तंगेडू. बतुकम्माच्या सणात त्याच्या पिवळ्या फुलांना मोठा मान, आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. मुरमाड जमिनीत, एकदा रुजल्यावर, त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. आपण मात्र त्याला रानटी समजून बागेत घेत नाही. मी भिंतीच्या आतल्या बाजूने त्याची रांग लावली आहे. पिवळ्या कण्हेरीची जागा रंगानेही त्यानेच भरून काढली.

एक्झोराबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जांभ्याच्या मातीत तो झुपक्यांनी फुलतो, पण काळ्या जमिनीत नेला की पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. ताटात लोह असूनही जेवणाबरोबरच्या चहापायी ते अंगी न लागणाऱ्या आपल्या मुलांसारखेच हे. उपाय म्हणून लोहाची पूड टाकीत बसण्यापेक्षा काळ्या जमिनीत एक्झोराचा हट्ट सोडावा आणि तेथे कोरांटी लावावी. याच कारणाने शहाबादी फरशीचे तुकडे एक्झोराच्या आळ्याला लावू नयेत. तो चुनखडीचाच दगड आहे. इतर कडांना मात्र त्याची उभी पट्टी सुंदर दिसते आणि माती वाहू देत नाही.

दगडांतली बाग

रॉकरी म्हणजे मातीच्या ढिगावर ठेवलेले दगड नव्हेत. दगड निम्मे मातीत पुरलेले आणि किंचित मागे कललेले असावेत, म्हणजे त्यांवर पडलेले पावसाचे पाणी बाहेर न ओघळता मुळांकडे जाते. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर दोन भाग मुरूम, एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. निव्वळ काळी माती वापरू नये. पावसात ती पाणी धरून कंद कुजविते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. दगडाखालची जागा उघड्या जमिनीपेक्षा गार आणि ओलसर राहते. रॉकरीतील झाडे उन्हाळा काढतात ती त्या ओलाव्यावर.

या दगडांत विष्णुकांता लावावी. मुरमाड माळावर आपोआप उगवणारी ही सरपटणारी वनस्पती तिच्या नखाएवढ्या निळ्या फुलांसह दगडावरून खाली उतरते. कोरफडीचा पिवळा तुरा थंडीच्या अखेरीस उभा राहतो. जिला आपण 'ऑफिस टाइम' म्हणतो ती सकाळी ऊन चढल्यावर उमलणारी चिनी गुलाबाची जात काटेकोरपणे बहुवर्षायू नव्हे, पण बोटभर कांडी खोचली की पुन्हा धरते. वरच्या टोकाला गोकर्णाचा वेल सोडावा. त्याची मुळे खोल जातात, शिवाय द्विदल कुळातील असल्यामुळे तो जमिनीला नत्र देतो. फुलाचे निळे पाणी करून त्यात लिंबू पिळले की ते जांभळे-गुलाबी होते. इंजेक्शनला घाबरलेल्या मुलाचे रडे थांबविण्यास याहून स्वस्त औषध माझ्या पाहण्यात नाही. शेंगा मात्र वाळण्यापूर्वी खुडाव्यात, कारण बिया रेचक असतात.

रुएलियाची जांभळी फुले कोणी मुद्दाम लावीत नाही, पण तिच्या कंदाळ मुळ्या कितीही कोरड्या दगडांत तग धरतात. तिची वाळलेली शेंग पाण्यात टाकली की क्षणभराने 'टच्' करून फुटते आणि बिया उडतात. मुलांचा तो खेळच होतो. डोळ्यांजवळ धरू नये, एवढे सांगितले की पुरे.

लागवड मृगात करावी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिले तर मुळे वरच राहतात आणि झाड कायमचे परावलंबी होते. हिवाळा संपताना बुडाशी तीन-चार बोटे जाड आच्छादन घालावे. उसाचे पाचट किंवा तुरीचा भुसा यांचा आपल्या तालुक्यांत तोटा नाही.

लावावीत, पण विचाराने

काही झाडे पूर्णपणे निरुपद्रवी नाहीत, तरीही ती बागेतून घालवावीत असे मला वाटत नाही. गुलबक्षी संध्याकाळी उमलते आणि कंदावर उन्हाळा काढते. पण तिचे काळे, मिऱ्यासारखे बी पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. पावसाळी लिलीचा कंद लहान कांद्यासारखा दिसतो आणि खाल्ल्यास तोच त्रास देतो. ही दोन्ही रॉकरीच्या मधल्या भागात, हात पोहोचणार नाही अशी लावावीत. बोगनवेल कोरड्या जमिनीतच अधिक फुलते, पण तिचे काटे लक्षात घेऊन ती वाटेपासून दूर ठेवावी.

सदाफुलीबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या दगडी पायऱ्यांच्या फटींतही रुजते. तिची पाने खाण्याजोगी नाहीत आणि मधुमेहावर तिचा रस पिणाऱ्यांना आपण परावृत्त केले पाहिजे. पण तिच्याच अंगी असलेल्या द्रव्यांतून १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टीन वेगळे केले. पाठोपाठ व्हिनक्रिस्टीन आले आणि १९६३ पासून ते अमेरिकेत अधिकृतपणे वापरात आले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत ते आजही अग्रभागी आहे. विष आणि औषध यांतील अंतर मात्रेचे असते, हे वाक्य आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. सदाफुली ते दारात उभी राहून सांगते. म्हणून माझ्या बागेत तिला जागा आहे, आणि शेजारी 'तोडू नये' अशी पाटीही आहे.

जी लावूच नयेत

मुलांचा वावर असलेल्या आवारात, म्हणजे दवाखाना, शाळा, अंगणवाडी, मंदिर यांच्या परिसरात, पुढील झाडे नकोत. पहिली, दोन्ही प्रकारच्या कण्हेरी. यांतील द्रव्ये हृदयावर डिजिटॅलिससारखी क्रिया करतात. श्रीलंकेच्या उत्तर भागात पिवळ्या कण्हेरीच्या बियांच्या विषबाधेने गेल्या काही दशकांत असंख्य बळी घेतले आणि तेथील रुग्णांवरच तिच्या उताऱ्याची महत्त्वाची चाचणी होऊन २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तो उतारा फार महाग आहे आणि आपल्या तालुक्याच्या ठिकाणी तो मिळेल, अशा भरवशावर कोणी राहू नये. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर शोभते, कारण तेथे मुले खेळत नाहीत.

दुसरा, मोगली एरंड. जैवइंधनाच्या उत्साहात त्याचा पुष्कळ प्रसार झाला. बी चवीला शेंगदाण्यासारखे लागते, म्हणून एकाच वेळी अनेक शाळकरी मुलांना बाधा होते. तिसरे अडेनियम, जे आज प्रत्येक रॉकरीत दिसते. त्याच्या चिकाचा आफ्रिकेत बाणांना लावण्यासाठी उपयोग होत असे. चौथी कळलावी. फूल अप्रतिम, पण कंदात कोल्चिसीन असते. रुई आणि काटेरी युफोर्बिया यांचा चीक डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते. गुंजेचा वेल तर मुलांना बियांच्या रंगानेच बोलावतो.

येथे एका तणाचाही उल्लेख करणे भाग आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे दर हिवाळ्याच्या सुमारास लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. तो मेंदूज्वर समजला जाई. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की त्यामागे बहुधा कासविंद्याच्या शेंगा होत्या, ज्या मुले खेळता खेळता खात असत. एका गावातील बालरोगतज्ज्ञाने रुग्णाच्या घराभोवती काय उगवते, हे पाहिले, म्हणून ते कोडे उलगडत गेले. कासविंदा आपल्याकडेही रस्त्याकडेला आहे. त्याचे फूल तरवडासारखेच पिवळे. तरवड लावणाऱ्याने दोन्ही ओळखावयास शिकावे. तरवडाचे झुडूप कठीण लाकडाचे, त्याच्या शेंगा चपट्या आणि कागदासारख्या. कासविंदा पावसाळी रोप, पाने टोकदार, चुरगळल्यास उग्र वासाची. बागेत उगवला तर शेंग धरण्यापूर्वी उपटावा.

वेळ आलीच तर

पालकांना सांगण्याच्या चार गोष्टी. मूल झाडाचे काही खाताना दिसले तर तोंडातले उरलेले काढून चूळ भरावयास लावावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून वेगळाच अनर्थ ओढवतो. झाडाची फांदी, फळ किंवा निदान मोबाइलवरील छायाचित्र डॉक्टरांकडे न्यावे. डोळ्यांत चीक गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि मगच वाहन शोधावे.

आणि सहकाऱ्यांना एकच विनंती. पिवळ्या कण्हेरीचे बी चावल्याचा संशय असेल आणि मूल समोर हसत खेळत असेल, तरी त्याला घरी पाठवू नका. हृदयाची लय उशिरा बिघडू शकते. ईसीजी काढून किमान २४ तास निरीक्षणाखाली ठेवावे, आणि तशी सोय आपल्याकडे नसेल तर लवकर, नाडी चांगली असतानाच, १०८ ला फोन करून पुढे पाठवावे.

माझ्या दवाखान्याची भिंत आता जुनी झाली आहे. तिच्या फटींतून सदाफुली फुटली आहे, आतल्या बाजूने तरवड ओळीने उभा आहे आणि रॉकरीच्या पाण्याच्या कुंडीत रुएलियाच्या शेंगा टाकून मुले कान लावून बसलेली असतात. त्यांतले एखादे मूल काही तोंडात घालताना दिसले की आजही मी उठून खिडकीशी जातो. पण आता धावत बाहेर जावे लागत नाही. या पावसाळ्यात आपणही आपल्या आवारातून एक फेरी मारावी. उंची आपली नव्हे, पाच वर्षांच्या मुलाची धरावी, आणि त्या उंचीवर काय काय हाती लागते ते पाहावे.